बिबट्यानं नेलेला तितर

मी आता जे सांगणार आहे ते या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात एकही माणूस खरं मानणार नाही. शेलूपासून मोहोपाड्यापर्यंत कोणालाही विचारा, हिरामणची गोष्ट म्हटली की लोक आधी हसून घेतात आणि मग ऐकायला बसतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण पोशाच्या तितराची गोष्ट वेगळी. ती सांगताना मी माझ्या बायकोची दुभती शेळी पैजेला लावली होती, आणि बायकोची शेळी पैजेला लावून खोटं बोलेल असा माणूस आमच्या गावात अजून जन्मलेला नाही. निदान आनंदीबाईशी लग्न झालेला तर नाहीच.

साल चव्वेचाळीस. लढाई चालू होती, रॉकेल चिठ्ठीवर मिळत होतं, आणि अशा दिवसांत मुंबईहून एक माणूस गळ्यात दुर्बीण अडकवून आमच्या कोंडाण्यात पाखरं बघायला आला. नाव कोठारेसाहेब. गिरगावातला, साठीला टेकलेला, अर्धी चड्डी, डोक्यावर टोपलीएवढी हॅट. आधी दोन दिवस खालापूरकडच्या तळ्यावर बदकं मोजत बसला होता. बदकं मोजून काय मिळालं असं मी त्याला सरळ विचारलं, तर वही उघडून म्हणाला, "एकशे बारा."

गावात लगेच कुजबुज सुरू झाली. साखर झाली, रॉकेल झालं, आता पाखरांवर रेशन येणार, त्यासाठी सरकारनं मोजणीला माणूस धाडलाय, असं ठरलं. दोन घरांनी त्या रात्री कोंबड्या माळ्यावर चढवल्या. मी मात्र साहेबाला पडवीत जागा दिली, कारण मला माणसं आवडतात, आणि त्याच्याकडे चहाची पूड होती.

तीन दिवस आम्ही रान तुडवलं. साहेबानं वही भरून पाखरं लिहिली. पण एक पाखरू काही हाती लागेना, आणि ते म्हणजे साधा तितर. सकाळी वालाच्या शेतांतून त्याचा आवाज यायचा, आम्ही पोहोचलो की गवत हलायचं आणि संपलं. साहेबाला तो जवळून, निवांत, गळ्याखालची काळी रेघ दिसेल असा बघायचा होता. चौथ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं तो परत जाणार होता. त्याचा चेहरा बघून मला राहवेना, आणि मी बोलून गेलो की उद्या सकाळी तितर तुमच्या बुटावर आणून बसवतो.

आता हे मी बोललो ते पोशाच्या जिवावर. पोशा कातकरवाडीतला, आमच्या खळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. त्याच्याकडे पाळलेला एक तितर होता, छाती काढून चालायचा म्हणून नाव जमादार. त्याचं काम असं: पहाटे त्याचा पिंजरा रानाच्या कडेला नेऊन ठेवायचा. जमादार आवाज देतो. रानातल्या तितराला वाटतं, हा कोण उपटसुंभ माझ्या हद्दीत ओरडतोय, आणि तो भांडायला धावत येतो. येतो तो भोवती मांडलेल्या फाशांत. पोशाच्या घरात थंडीभर जे कालवण शिजायचं ते जमादाराच्या गळ्यातून यायचं म्हणा ना. पोरांच्या आधी त्याला वाळवी मिळायची.

त्या पिंजऱ्याचा एक नेमही होता. पिंजऱ्यावर कायम फडकं बांधलेलं. ते सोडायचं पोशानं, नाही तर त्याच्या बायकोनं, चिंधीनं. परक्याची नजर पडली तर तितराचा आवाज बसतो आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत सुटत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. जमादार बोलायचा तो फडक्याआडूनच.

पोशा तेव्हा कोळशाच्या भट्टीवर गेला होता. मी चिंधीकडे गेलो. मुंबईचा साहेब, एकच सकाळ, फासे लावणार नाही, फडक्याला हात लावणार नाही, सगळं गोड बोललो. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग आत गेली, आत बराच वेळ लावला, आणि फडकं बांधलेला पिंजरा माझ्या हातात दिला. जपून न्या म्हणाली. मी म्हटलं, डोळ्यांत तेल घालून जपतो.

पिंजरा नेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी खळ्यात पेंढ्या रचत होतो, तर पोशा आणि चिंधी दोघं येऊन उभे. पोशा भट्टीवरून आलेला, अंगावर कोळसा तसाच. त्यांनी आपली वस्तू मागितली. माझा पुतण्या कमळ्या पेंढ्या वर फेकत होता, तो थांबला. आनंदीबाई सूप घेऊन वाल पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

मी म्हटलं, "पोशा, बस. तुझा तितर बिबट्यानं नेला."

पोशा बसला. चिंधी बसली नाही. कमळ्यानं मात्र पेंढीवर बैठक मारली आणि म्हणाला, "काका, मागल्या साली तुमची कोयती पण बिबट्यानंच नेली हुती."

"ती वेगळी गोष्ट."

"आन आनंदीकाकीचा तांब्या?"

"तो तरसानं."

पोशा हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "बाबा, हे खोटं निघालं तर?"

माणसाला वेळप्रसंगी मोठं बोलता आलं पाहिजे. मी म्हटलं, खोटं निघालं तर माझी दुभती शेळी घेऊन जा. आनंदीबाईनं सूप खाली ठेवलं. शेळी कोणाची आहे, माहेराहून कोणी आणली, तिला पाला कोण घालतं, हे तिनं सगळ्यांना एकदा नीट समजावून सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आवो, शेळी गेली तर तुमी बी तिच्या मागनं जा. दावं एकच ठेवते."

म्हणजे पुढचं सगळं मला शेळीकडे एक डोळा ठेवून सांगायचं होतं. ती खळ्याच्या मेढीला बांधलेली होती आणि निवांत वालाची टरफलं खात होती. तिला काय कल्पना.

मी सांगायला सुरुवात केली. दिवस उजाडायच्या सुमाराला आम्ही निघालो. पुढे मी पिंजरा घेऊन, मागे साहेब. वर डोंगरातल्या लेण्यांच्या वाटेला लागलो की डाव्या हाताला करवंदीची जाळी आहे, तिच्यापुढे थोडं मोकळं गवत. तिथे पिंजरा ठेवला आणि आम्ही खडकाआड आडवे झालो. साहेबानं तोंडावर बोट ठेवलं. मी एक शब्द बोललो नाही.

इथे कमळ्याला खोकला आला.

थोड्या वेळानं जमादारानं आवाज दिला. असा आवाज की करवंदीच्या पानांवरचं दव खाली पडलं. कतीतर, कतीतर, कतीतर.

"किती येळा?" पोशानं विचारलं. त्याची मान खाली होती, काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता. मला वाटलं, बिचारा रडू आवरतोय. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, सात वेळा. सलग.

"सात," तो चिंधीला म्हणाला. "आपल्याकडं कदी पाचाच्या वर गेला नाय."

मग रानातले तितर आले. एक आला, मागून दोन, मग पाच. पोशानं विचारलं की पाचच? जमादारानं बोलवावं आणि पाचच यावेत? खरं होतं त्याचं. मला नीट आठवलं, अकरा होते. पिंजऱ्याभोवती गोल करून उभे राहिले, जसे पंच बसतात. त्यातला एक म्हातारा तितर तर थेट साहेबाच्या बुटावर येऊन बसला. कोठारेसाहेबाच्या डोळ्यांतून पाणी. पेन्सिल चालेना. गळ्याखालची काळी रेघ एकदा सोडून अकरा वेळा दिसली.

आणि एकाएकी सगळे तितर भुर्र. वरच्या बाजूला माकडं खेकसायला लागली. साहेबाची दुर्बीण जाळीकडेच लागलेली होती. तो हळूच मला म्हणाला की जाळीत एक मोठं पाखरू आहे. अंग पिवळं, वर काळे ठिपके, गोल गोल, मधे पोकळ. असं पाखरू त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. एका हातानं दुर्बीण डोळ्याला धरून दुसऱ्या हातानं तो लिहायला लागला. शेपूट दोन हात लांब. तुरा नाही. चोच दिसत नाही.

मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं. बिबट्या. आमच्यापासून इथून त्या मेढीइतक्या अंतरावर. तो पिंजऱ्याकडे बघतोय, साहेब त्याच्या बरगड्या बघतोय, आणि पान उलटून विचारतोय, "हिरामण, इकडे याला काय म्हणतात?"

मी म्हटलं, साहेब, दुर्बीण काढा, मग मीच काय तुम्हीसुद्धा सांगाल.

त्यानं दुर्बीण काढली. पुढे बराच वेळ तो कुठल्याच पाखराबद्दल काही बोलला नाही.

आनंदीबाईनं इथे विचारलं की मग तुम्ही काय केलंत. खरं सांगतो, तिचा प्रश्न मला आवडला. नवऱ्यानं काय केलं हे बायकोनं चार माणसांत विचारावं असे प्रसंग आयुष्यात थोडे. मी म्हटलं, आधी भ्यालो. मग मनात आलं, पोशाचा तितर आहे. लेकराला वाळवी न देता ज्याला देतात तो तितर. म्हणून साहेबाच्या गळ्यातली दुर्बीण काढली आणि उलट्या बाजूनं डोळ्याला लावली. उलट्या बाजूनं धरली की सगळं लहान दिसतं. बिबट्या झाला मांजराएवढा. मांजराला कोण भितो? मी उठलो आणि चालायला लागलो.

"डोळ्याला लावूनच?" कमळ्यानं विचारलं.

"काढली असती तर तो मोठा झाला असता."

हे कमळ्याला पटलं असावं, कारण तो गप्प बसला. नाहीतर पेंढीत तोंड खुपसलं असावं.

पण दुर्बिणीनं एक घात केला. बिबट्या लहान दिसतो तसा लांबही दिसतो. मला वाटलं अजून शंभर पावलं आहेत, आणि माझा पाय त्याच्या शेपटीवर. कोणीही दुसरा असता तर त्याला फाडला असता. बिबट्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं, हा माणूस डोळ्याला नळ्या लावून शेपटीवर उभा राहतो म्हणजे सरकारी असणार असं त्याला वाटलं, आणि तो निमूट बाजूला झाला. जाता जाता मात्र पिंजऱ्याची कडी दातांत धरली. बाई बाजारातून पिशवी घेऊन निघते ना, तसा लेण्यांच्या वाटेनं वर निघाला.

"आन जमादार?" पोशा म्हणाला.

"बोलतोय ना. त्याच्या जबड्याखालून बोलतोय. पहिल्या वळणावर बोलला, ओहोळ ओलांडताना बोलला, त्या मोठ्या आंब्यापाशी तर असा बोलला की बिबट्याचा पाय चुकला."

"घाबरला नसंल?"

"जमादार? अरं, मधेच फडक्यातनं चोच काढून त्यानं बिबट्याच्या हनुवटीवर टोच मारली."

पोशानं चिंधीकडे बघितलं. चिंधीनं पदर तोंडाला लावला. माझ्या काळजाला घरं पडली. वाटलं, हिरामण, पुरे कर, बाई रडेल. पण शेळी मेढीला होती आणि गोष्ट अर्ध्या डोंगरावर. अर्ध्या डोंगरावर थांबता येत नाही.

म्हणून मी वर गेलो. साहेब माझ्यामागून, वही छातीशी धरून. लेण्याच्या तोंडाशी पोहोचलो तर काय बघतो. बिबट्यानं पिंजरा त्या मोठ्या कमानीखाली नीट उभा ठेवलाय, आणि स्वतः पुढच्या पंजांवर हनुवटी टेकून बसलाय. ऐकतोय. भजनाला म्हातारी माणसं बसतात तसा, डोळे अर्धे मिटून. जमादार गातोय. दगडी लेणं ते, आत आवाज घुमतो, एका तितराचे वीस तितर होतात. मी टोपी काढली. साहेबानं हॅट काढली. तो मला म्हणाला की हिरामण, मी चाळीस वर्षं पाखरं बघतोय, पण पाखराचं गाणं ऐकणारा बिबट्या मी पहिल्यांदा बघतोय, आणि हे मुंबईत कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. मी त्याला धीर दिला. म्हटलं, माझ्यावर सोडा, मी सांगतो सगळ्यांना.

"साहेबाला इचारता येईल का?" आनंदीबाईनं विचारलं. ती हळूहळू शेळीच्या बाजूला सरकून बसली होती.

साहेब त्याच संध्याकाळी मुंबईला गेला होता. गिरगावात कुठे राहतो ते मी विचारलं नव्हतं. त्यानं वहीत मात्र सगळं लिहिलं होतं, हे मी दोनदा सांगितलं.

चिंधी पहिल्यांदाच बोलली. तिनं विचारलं की बिबट्या असा गाणं ऐकत बसला होता, तर मग पाखरू गेलं कुठं. खाल्लं का?

मी तिला म्हटलं, छे, खाईल कसा. आणि इथे मी आवाज खाली आणला, कारण शेवट आला होता आणि या शेवटावर शेळी अवलंबून होती. तितर खाल्ला म्हटलं असतं तर पोशाचं घर सुतकात गेलं असतं. तितर जिवंत आहे म्हटलं असतं तर आण म्हणाले असते. दोन्ही सांभाळेल असा शेवट मला सुचला, म्हणजे आठवला.

बिबट्यानं एक नख पुढे केलं. एकच. त्या नखानं फडक्याची गाठ सोडली, हलकेच, जशी चिंधी सोडते. मग पिंजऱ्याची काडी सरकवली. जमादार बाहेर आला. छाती पुढे, मान वर. आधी बिबट्याकडे बघितलं, मग साहेबाकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ बघितलं. मी हात जोडून म्हटलं, बाबा, घरी चल, चिंधी वाट बघते, पोशा येईल. त्याचे डोळे भरून आले. पण तेवढ्यात वर राजमाचीच्या अंगाला एक तितरी बोलली. बारीक आवाज, लाजरा. जमादारानं एकदा खाली आपल्या वाडीकडे बघितलं, एकदा वर. आणि उडाला. उन्हात त्याचे पंख तांबडे दिसले. कड्यावरून जाताना तीनदा ओरडला, पोशासाठी एकदा, चिंधीसाठी एकदा, आणि तिसरा कोणासाठी ते मी सांगत नाही, पण त्याचा पिंजरा करवंदीच्या जाळीपर्यंत मीच वाहून नेला होता.

आणि बिबट्यानं काय केलं? रिकामा पिंजरा तोंडात धरला आणि लेण्याच्या आत अंधारात निघून गेला. आठवण म्हणून.

कमळ्या माझ्याकडे बघत होता, त्याचं तोंड उघडं होतं. आनंदीबाईनं डोळे पुसले, आता ते वालाच्या भुशानं म्हणा. मला स्वतःला इतकं भरून आलं होतं की क्षणभर मी शेळी विसरलो. पोशानं काडी टाकून दिली आणि उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "परत एकदा सांगा. करवंदीपाशी तो सात येळा बोलला."

"सात."

"वाटंत तीन येळा."

"तीन."

"आन तुमी सोता त्याला बघितलं. पिंजऱ्यातनं भायेर येताना."

"तुला बघतोय तसा. शपथ घालतोस?"

"नको," पोशा म्हणाला. "शपथ नको."

चिंधी मेढीकडे गेली. शेळीच्या दाव्याची गाठ सोडली, अगदी सावकाश, आणि दावं हाताला गुंडाळत माझ्याकडे वळली.

"बिबट्या आला असंल, हिरामणबाबा. पिंजरा त्यानं नेला असंल, त्याचं मी काय म्हणत नाय. पन तुमाला वळखून हाय मी. जमादार माज्या झोपडीत टोपल्याखाली बसलाय, सकाळीच वाळवी खाल्ली त्यानं. तुमच्या पिंजऱ्यात मी करांद्याचा कंद बांधून दिला हुता."